पाणी कुणाचे, ओंजळ कुणाची?

दिवाळीच्या अंकात पापपुण्याचा विषय काढून बसणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. चकल्या-करंज्यांच्या वासाने घर भरलेले असावे, दुपारी सतरंजीवर लोळत अंक चाळावा, आणि नेमका तेव्हाच कुणी शाळामास्तराने नीतीचा प्रश्न घेऊन समोर उभे राहावे, हे कुणाला आवडेल? पण यंदाच्या पावसाळ्यात मी जी पुस्तके वाचली, त्यांनी माझ्या मनात एक प्रश्न असा काही रुतवून ठेवला आहे की, दुसरे काही लिहायला बसलो तरी लेखणी तिकडेच वळते. शिवाय तो प्रश्न पंडितांचा नाही. तो देवघरातला आहे, स्वयंपाकघरातला आहे, आणि शाळेतला तर आहेच आहे. प्रश्न एवढाच: ज्याचे स्वतःचे आचरण धड नाही, त्याच्या हातून दुसऱ्याचे काही भले होऊ शकते काय? आणि होत असेल, तर त्या हातचे घ्यावे काय?

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या कपाटांनी शिकवले. इंग्रजी पुस्तक वाचायचे म्हणजे शेजारी शब्दकोश ठेवावा लागतो. त्यामुळे माझे वाचन संथ चालते. पण त्याचा एक फायदा होतो. कादंबरीतली माणसे माझ्या घरी पाहुण्यासारखी येऊन चार-दोन दिवसांत परत जात नाहीत; महिना-महिना मुक्काम ठोकतात. यंदा माझ्याकडे तीन पाद्री मुक्कामाला होते. एक मेक्सिकोचा, एक फ्रान्समधल्या खेड्यातला आणि एक जपानात गेलेला पोर्तुगीज. मी वारकऱ्याच्या घरात वाढलेला. चर्चमध्ये मी गेलो आहे तो लग्नाच्या निमित्ताने. तरीही या तिघांशी माझे चांगले जमले.

पहिला पाद्री ग्रॅहॅम ग्रीनच्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ या १९४० सालच्या कादंबरीतला. मेक्सिकोच्या टबास्को प्रांतात १९३० नंतरच्या काही वर्षांत धर्मोपदेशकांवर सरकारची कुऱ्हाड कोसळली होती. देवळे बंद झाली, पाडली गेली. पाद्र्यांनी लग्ने करावीत, असा हुकूम निघाला. ग्रीन १९३८ साली स्वतः तिकडे हिंडून आला होता. त्याच्या कादंबरीत त्या मुलखात एकच पाद्री उरला आहे, आणि तो कसा? तर दारुडा, भित्रा, आणि एका अनौरस मुलीचा बाप. लेखकाने त्याला नावसुद्धा दिलेले नाही. हा माणूस रात्री-अपरात्री गावोगाव लपतछपत फिरतो, लोकांचे पापनिवेदन ऐकतो, त्यांना प्रसाद देतो. प्रसादासाठी लागणारा द्राक्षारस तो कसाबसा चोरून मिळवतो, आणि एक सरकारी माणूस त्याच्यादेखत तो सगळा पिऊन टाकतो! पाद्र्याच्या डोळ्यांत पाणी येते, आणि समोरच्याला वाटते, याला दारू चढली!

त्याच्या मागावर असलेला पोलिस लेफ्टनंट मात्र अगदी स्वच्छ माणूस आहे. व्यसन नाही, लाच नाही, मुलांवर प्रेम आहे, गरिबांचे दुःख नाहीसे करावे अशी तळमळ आहे. आणि हाच स्वच्छ माणूस पाद्र्याचा ठावठिकाणा कळावा म्हणून गावागावांतून ओलीस धरलेल्या निरपराध शेतकऱ्यांना गोळ्या घालतो. मळका माणूस लोकांसाठी जीव धोक्यात घालतो, स्वच्छ माणूस लोकांचा जीव घेतो. मात्र ग्रीनचे मोठेपण असे की, त्याने लेफ्टनंटला राक्षस केलेला नाही. त्या पाद्र्याला न ओळखता तुरुंगातून सोडताना, म्हातारा झाला आहे, काम मिळणार नाही, म्हणून लेफ्टनंट त्याच्या हातावर स्वतःचे एक नाणे ठेवतो.

आणखी एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. पाद्री सरहद्द ओलांडून सुरक्षित प्रांतात पोचतो. अंगावर धड कपडे येतात, लोक पुन्हा मान देऊ लागतात. आणि बघता बघता तो बाप्तिस्म्याच्या दक्षिणेवरून गरिबांशी घासाघीस करू लागतो! धोक्यात असताना जो नम्र होता, तो प्रतिष्ठा मिळताच पुन्हा जुना भटजी झाला. आणि मग निरोप येतो की, पलीकडे एक गुन्हेगार मरणाला टेकला आहे, त्याला पाद्री हवा आहे. हा सापळा आहे हे ओळखूनही तो खेचर मागे वळवतो. सापळा खराच असतो. तो पकडला जातो आणि गोळी खाऊन मरतो. १९५३ साली रोमच्या धर्मपीठाने या कादंबरीवर आक्षेप घेतला आणि दुरुस्त्या केल्याखेरीज ती पुन्हा छापू नये असे लेखकाला कळवले. हक्क प्रकाशकांकडे आहेत असे नम्रपणे सांगून ग्रीनने हात वर केले. धर्मपीठाला ती का टोचली असेल हे समजण्यासारखे आहे. आपला प्रतिनिधी असा दिसावा, हे कुठल्या संस्थेला रुचेल?

दुसरा पाद्री जॉर्ज बर्नानोस या फ्रेंच लेखकाचा. ‘एका खेड्यातल्या पाद्र्याची रोजनिशी’ ही कादंबरी १९३६ सालची. हा तरुण पाद्री दुराचारी नाही. पण दुबळा आहे, आजारी आहे, व्यवहारात बावळट आहे. पोटात काही ठरत नाही म्हणून पावावर आणि स्वस्त वाइनवर दिवस काढतो, आणि गाव म्हणते, हा दारुडा! त्याचे खरे दुःख वेगळेच आहे. त्याला स्वतःला प्रार्थना करता येईनाशी झाली आहे. अशा अवस्थेत तो गावच्या सरदारीणबाईकडे जातो. तिचा लहानगा मुलगा वारला आहे; त्या दुःखाने तिचे काळीज दगड झाले आहे आणि तिने देवाशी वैर धरले आहे. दोघांचे घनघोर बोलणे होते. शेवटी तिच्या मनातली गाठ सुटते. ती त्याला कृतज्ञतेचे पत्र पाठवते आणि त्याच रात्री वारते. पाद्री विस्मयाने चूर होतो. जी शांती स्वतःपाशी नव्हती, ती आपण दुसऱ्याला दिली कशी?

आणि या पाद्र्याचा अंत कसा होतो? पोटातल्या कर्करोगाने, एका जुन्या सोबत्याच्या कळकट खोलीत. तो सोबती म्हणजे दीक्षा टाकून एका बाईबरोबर संसार थाटलेला माजी पाद्री. गावच्या धर्मोपदेशकाला निरोप गेला आहे, पण तो पोचायला उशीर आहे. तेव्हा या पतित सोबत्याकडूनच तो पापक्षमा मागून घेतो. आयुष्यभर ज्याने रिकाम्या हातांनी दिले, त्याने शेवटी मळक्या हातांतून घेतले.

तिसरे पुस्तक शूसाकू एंदो या जपानी ख्रिस्ती लेखकाचे, ‘सायलेन्स’, १९६६ सालचे. मार्टिन स्कॉर्सेझीने २०१६ साली त्यावर चित्रपटही काढला. या कथेची वाट आपल्या अंगणातून जाते. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानात उतरला तो गोव्याहून निघून. आज जुन्या गोव्यात लोक त्याच्या देहाचे दर्शन घेतात. कादंबरीतला तरुण पाद्री रॉड्रिग्ज हाही १६३८ साली लिस्बनहून निघून गोव्यामार्गेच पुढे जातो. जपानात तेव्हा ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. संशयिताला ख्रिस्ताची प्रतिमा पायाखाली तुडवायला लावीत. जो कचरेल तो ख्रिस्ती. किचिजिरो नावाचा एक दुबळा इसम वारंवार प्रतिमा तुडवतो, रॉड्रिग्जला पकडून देतो, आणि प्रत्येक वेळी रडत येऊन क्षमा मागतो. वाचकाला त्याची किळस येते. मग पाळी रॉड्रिग्जवर येते. आपल्यामुळे इतर शेतकरी खड्ड्यात उलटे टांगले जात आहेत, आपण प्रतिमा तुडवली तरच ते सुटणार, हे पाहून तो पाय ठेवतो. आता तोही धर्मभ्रष्ट. आणि त्याच्या दाराशी पुन्हा किचिजिरो येतो. म्हणतो, माझे पापनिवेदन ऐका. एका भ्रष्टाने दुसऱ्या भ्रष्टाला क्षमा कशी द्यायची? पण रॉड्रिग्ज ऐकतो, आणि क्षमा देतो.

तीन देशांतले तीन लेखक त्याच एका दाराशी येऊन उभे राहिले. हा योगायोग असेल का? कुतूहलाने मी ख्रिस्ती अध्यात्मावरची पुस्तके काढली, तेव्हा उलगडा झाला. हा वाद सोळाशे वर्षांहूनही जुना आहे.

रोमन बादशहा डायोक्लेशियनने ३०३ साली ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला, तेव्हा काही धर्मोपदेशकांनी भीतीपोटी पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेत मोठा पेच पडला. अशा भेकडांच्या हातून मिळालेली दीक्षा खरी की खोटी? डोनेटस नावाच्या धर्माध्यक्षाचा पक्ष म्हणाला, खोटी. मळक्या हाताने पावित्र्य देता येत नाही. हिप्पो गावचा धर्माध्यक्ष ऑगस्टीन याने उलट बाजू मांडली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, दान देवाचे आहे, देणारा नुसती वाट आहे. दगडी पाटातून पाणी वाहते. त्या पाटात काही उगवत नाही, पण पलीकडचा मळा भिजतो. उजेड उकिरड्यावर पडला म्हणून उजेड विटाळत नाही. हे म्हणणारा ऑगस्टीन स्वतः कोण? ज्याने धर्माध्यक्षाच्या आसनावर बसून, आपल्या तरुणपणच्या साऱ्या वासना आणि चोऱ्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात जगापुढे उघड्या केल्या, तो! अर्थात तोही शेवटी माणूसच. याच वादात पुढे प्रतिपक्षावर राजसत्तेचा बडगा चालवायला त्याने संमती दिली, हेही विसरून चालत नाही.

आपल्या मराठी मनाला हा वाद परका वाटू नये. तुकोबांनी उक्ती आणि कृती यांचा मेळ असल्याखेरीज कुणाला वंदन करायचे नाही असा दंडक घालून दिला. तो आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे आपण डोनेटसच्या पक्षाचे! पण त्याच वाळवंटात चोखोबांनी वाकड्या उसाचा दाखला देऊन, वरच्या रूपाला काय भुलता, असेही विचारले. मात्र दोन्ही गोष्टी एक नाहीत. चोखोबांचा वाकडेपणा हा लोकांनी त्यांच्यावर लादलेला. तो त्यांचा दोष नव्हताच. दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होता. ग्रीनच्या पाद्र्याचा वाकडेपणा मात्र खरोखरचा आहे. हे दोन वाकडेपण एकमेकांत मिसळले की मोठा अन्याय होतो. आपल्या समाजाने शतकानुशतके तो केला. निर्मळ माणसाच्या हातचे पाणी टाळले आणि दुराचारी माणसाच्या हातचे तीर्थ घेतले.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. सोवळ्याच्या अतिरेकाने साऱ्या घराला घाम फोडणाऱ्या वडिलांची ही लेक. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला. ही पुढे कित्येक दिवस परजातीच्या हातचे पाणी घेईना. आणि एके दिवशी, ही जात माणसानेच केली आहे, हे मनाला पटताच ते सारे तिने आपले आपण सोडून दिले. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. आणि रेव्हरंड टिळक? मोठे कवी, मोठे भक्त, खिशातला शेवटचा पैसा देऊन टाकणारे; आणि घरात रागाचा भडका उडाला की आवरता न येणारे! लक्ष्मीबाईंनी त्यांचा राग लपवला नाही आणि भक्तीही कमी लेखली नाही. त्यांनी अर्धे सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हातात घेऊन तिने पुरे केले. ज्या ओंजळीला चिरा होत्या, त्या ओंजळीतले पाणी या बाईने सांडू दिले नाही.

आता शाळेकडे येतो. ज्यांनी मला वाचायला शिकवले, ते आमच्या गावचे गुरुजी पीत असत. हे सगळ्या गावाला माहीत होते. दिवेलागणीनंतर ओढ्याच्या बाजूने तोल सावरत येणारी त्यांची आकृती आम्ही पोरे पाहत असू आणि फिदीफिदी हसत असू. पण सकाळी तेच गुरुजी वर्गात कविता म्हणू लागले, की पत्र्यावर पडणारा पाऊससुद्धा थांबून ऐकतो आहे असे वाटे. शब्द हा जिभेवर ठेवून चाखायचा पदार्थ आहे, हे मला त्यांनी शिकवले. एके सकाळी ते शाळेत आले, पण वर्गाचा उंबरा ओलांडेनात. बाहेरच्या पायरीवर बसून म्हणाले, “पोरांनो, आज धडा तुमचा तुम्ही वाचा. आज मला आत यायची लाज आहे.” आम्ही धडा वाचला. कुणी गडबड केली नाही. पुढे गावाने तक्रार केली आणि त्यांची बदली झाली. गाव चुकले असे मी म्हणणार नाही. चार लोक ओट्यावर बसून गुरुजींना नावे ठेवीत होते, तेव्हा माझी निरक्षर आई एवढेच म्हणाली, “घागर गळकी असेल हो, पण पाणी विहिरीचं होतं.” हिप्पोच्या धर्माध्यक्षाचे नाव तिच्या कानावर कधी पडले नव्हते.

येथे वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, मास्तर, ही तर लबाडांची सोय झाली! पाट दगडी असला तरी चालतो म्हटले की, कोणताही भोंदू छाती काढून सांगेल, माझ्याकडे पाहू नका, माझ्या उपदेशाकडे पाहा. २००२ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात धर्मोपदेशकांनी लहान मुलांवर केलेले अत्याचार, आणि वरिष्ठांनी ते कसे झाकले, हे उजेडात आले. मग देशोदेशी तशाच कहाण्या बाहेर पडल्या. आपल्याकडेही भक्तांनी डोक्यावर घेतलेल्या काही बाबांना न्यायालयांनी शिक्षा ठोठावल्या आहेत. त्यांच्या बळींना आपण काय सांगणार? पाणी विहिरीचे होते म्हणून?

नाही. ते सांगणे क्रूरपणा होईल. म्हणून मी या तीन कादंबऱ्या पुन्हा चाळून पाहिल्या, आणि मला एक खूण सापडली. ग्रीनच्या पाद्र्याचे व्यसन त्यालाच जाळते. त्याच्याकडे येणाऱ्याकडून ते काही हिरावून घेत नाही. मुलीचे मात्र त्याने नुकसान केले आहे, आणि ते दुःख त्याला मरेपर्यंत सोडत नाही. मी देवाचा माणूस आहे, मला माफ, असे तो एकदाही म्हणत नाही. गळकी घागर निराळी आणि विष कालवलेली घागर निराळी. गळतीचा तोटा घागरीचा असतो, विषाचा तोटा पिणाऱ्याचा. पहिलीतून प्यावे, दुसरी फोडावी. आणि फोडताना ती कोणत्या देवळातली आहे हे पाहू नये. दुसरी खूण अशी की, खरा देणारा आपल्या अपात्रतेचा उल्लेख स्वतः करतो. भोंदू तो दुसऱ्याला करू देत नाही. गुरुजी पायरीवर बसले, ही ती खूण. आणि तिसरी खूण सगळ्यांत अवघड: अपात्र आहे या सबबीवर त्याने काम टाकलेले नसते. ग्रीनच्या पाद्र्याला, मी पापी, मी कशाला जाऊ, असे म्हणून सरहद्दीपलीकडे सुखाने राहता आले असते. स्वतःला नालायक ठरवणे हीसुद्धा कधी कधी चुकारपणाची सभ्य रीत असते.

शेवटच्या मुद्द्यावर मला एका स्वयंपाक्याने दिलासा दिला. ब्रदर लॉरेन्स हा सतराव्या शतकातला पॅरिसच्या मठातला साधा माणूस. आधी शिपाई होता, पुढे लंगडा झाला, मठाच्या मुदपाकखान्यात वर्षानुवर्षे भांडी आणि चूल सांभाळत राहिला. १६९१ साली तो वारला. त्याची संभाषणे आणि पत्रे मागाहून लोकांनी गोळा केली. त्या चिमुकल्या पुस्तकात सिद्धान्त जवळजवळ नाहीत. चूक झाली की देवापाशी कबूल करायची, त्यावर रडत बसायचे नाही, आणि पुन्हा हातातल्या कामाला लागायचे, एवढीच त्याची रीत. खाली पडलेले धिरडे उचलावे आणि पुढचे तव्यावर घालावे, तसे!

शाळेत रोज परिपाठाला फळ्यावर सुविचार लिहावा लागतो. खरे बोलावे, राग आवरावा, श्रमाची लाज धरू नये. खडू हातात घेताना प्रत्येक मास्तराला, तो प्रामाणिक असेल तर, ठाऊक असते की वाक्य मोठे आहे आणि आपली उंची बेताची. पूर्ण शुद्ध होईपर्यंत थांबायचे ठरवले तर फळा कोराच राहील. आईने पोराला खोटे बोलू नको म्हणायचे नाही, बापाने काटकसर शिकवायची नाही, आजीने देवाचे नाव घ्यायला लावायचे नाही; कारण सगळ्यांच्याच घागरी कुठे ना कुठे गळतात. म्हणून सुविचार लिहावाच. फक्त तो लिहिणाऱ्याने मुलांच्या बाजूने, त्यांच्याबरोबर वर पाहत वाचावा. फळ्याच्या बाजूने खाली पाहत वाचू नये.

दिवाळीच्या दिवसांत घरोघर माणसे येतील. त्यांत एखादा पिणारा काका असेल, एखादी तोंडाळ आत्या असेल, कुणी वर्षभर न बोललेला भाऊ असेल. त्यांच्यापैकी कुणाकडून कधीतरी आपल्याला काही मिळाले असेल: एखादी गोष्ट, एखादे गाणे, अडीअडचणीला दिलेले पन्नास रुपये. त्यांच्या दोषांचा हिशेब आपल्याजवळ चोख असतोच. यंदा त्यांच्या पुढे फराळाचे ताट ठेवताना त्या मिळालेल्या गोष्टीची आठवण तेवढी मनात असू द्यावी. चकली जरा मऊ झाली असली तरी चालेल.